दोर तुटलाच नाही

गेल्या आषाढात, बेळगाव जिल्ह्यात जांबोटी सोडून कणकुंबीच्या अंगाला, डांबरी रस्त्यापासून दीडेक किलोमीटर आत माझ्या भाच्याची पिकअप रुतली. गाडी फोर बाय फोर, मागं सिमेंटची वीस पोती. शेतघराचं काम चाललं होतं आणि दुसऱ्या दिवशी स्लॅबवाले येणार होते. संध्याकाळी सहाला भाच्याचा फोन आला तेव्हा गाडीची पुढची काच गेलेली होती, ड्रायव्हरशेजारच्या सीटचा डोक्याचा टेकू फाटलेला होता आणि त्या सीटवर सुदैवाने कुणी नव्हतं.

माझं बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. जीपवाल्यांची कामं येतात, पावसाळ्यात रुतलेल्या गाड्या काढायलाही जातो. त्या दिवशी नेमकं काय चुकलं हे नंतर आठवडाभर कागदावर मांडत बसलो. तिथल्या प्रत्येकाचं मत एकच होतं, ‘दोर नीट नव्हता.’ मला उलटंच दिसलं. त्या सगळ्या जुगाडात खरी दणकट वस्तू एकच होती, आणि ती म्हणजे दोर.

आधी जागा सांगतो. खानापूर तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात वर जांभ्याची तांबडी माती. उन्हाळ्यात दगडासारखी, कुदळ आपटली तर ठिणगी उडावी अशी. खाली मात्र शेडी, पांढरट-पिवळी, साबणासारखी. चार दिवस झड लागली की वरचा पापुद्रा माणसाला पेलतो, पावणेतीन टनांच्या गाडीला पेलत नाही. बैलहोंगल-सौंदत्तीकडची काळी माती वेगळी. ती चाकाला गोळा होऊन चिकटते आणि गाडी हळूहळू जड होत जाते. इथं तसं नाही. इथं चाक अचानक खाली जातं.

पिकअपचं पुढचं डावं चाक तसंच गेलं. भाच्याने जे सगळेच करतात ते केलं, ॲक्सिलरेटर दाबून धरला. दोन मिनिटांत डावीकडची दोन्ही चाकं मध्याच्या वर बुडाली आणि मागचा डिफरन्शियल (आसाच्या मधली गिअरची पेटी) वाटेच्या मधल्या उंचवट्यावर टेकला. आता चाकं फिरोत की न फिरोत, गाडी पोटावर बसलेली.

शेतघरावर एका मित्राची जुनी जीप होती. ती पुढून आली. शेतघर पुढं, जीप पुढं, म्हणून गाडी पुढंच ओढायची ठरली. मागं चार मीटरवर कडक जमीन होती, पण मागं जायचं म्हटलं की माणसाला हरल्यासारखं वाटतं. जीपच्या मागं ट्रेलर जोडायचा गोळा होता. त्याला २४ मिलिमीटरचा नवा नायलॉनचा दोर दुहेरी करून अडकवला. दुसरं टोक पिकअपच्या पुढच्या बारीक कडीला. ही कडी गाडी कंटेनरवर किंवा ट्रकवर नेताना बांधून ठेवण्यासाठी असते. दोन वेळा सावकाश ओढून पाहिलं, जीपची चाकं जागीच फिरली. तिसऱ्यांदा जीप मागं घेतली, दोर सैल सोडला आणि झटका दिला.

भाच्याचा मित्र पिकअपमध्ये बसला होता. तो मोबाईलवर व्हिडिओ काढायला उतरला म्हणून वाचला. उतरून उभा कुठं राहिला, तर दोराच्या बाजूला चार पावलांवर!

तो व्हिडिओ मी पंचवीस वेळा तरी पाहिला असेन. साधारण एका सेकंदात जीप आपल्या लांबीएवढी पुढं जाते, म्हणजे सेकंदाला चारेक मीटर, ताशी १४-१५ किलोमीटर. फार वेग नाही, बाजारातल्या स्कूटरचा. मग दोर ताठ होतो, जीप दचकते आणि पुढच्या चित्रात दोर जीपच्या मागं नाहीच. गोळा आणि तो जिच्यावर बसवलेला ती पट्टी, दोन्ही दोराच्या टोकाला तशीच अडकून पिकअपच्या काचेतून आत. सीटखालून काढून मी वजनकाट्यावर ठेवली, दोन किलो सातशे ग्रॅम.

आकडे

आधी सावकाश ओढून गाडी का निघाली नाही ते बघू. चिखलात किती जोर लागतो याचा एक ढोबळ हिशेब अमेरिकन लष्कराच्या रिकव्हरीच्या, म्हणजे अडकलेल्या गाड्या काढण्याच्या, पुस्तिकेत आहे, आणि तो इथल्या मातीतही बऱ्यापैकी जुळतो. चिखल चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर गाडीच्या वजनाइतका रोध, मडगार्डपर्यंत असेल तर दुप्पट, केबिनपर्यंत गेला तर तिप्पट. पिकअप रिकामी पावणेदोन टन. वीस पोती म्हणजे एक टन. एकूण पावणेतीन. एक बाजू मध्याच्या वर बुडालेली, म्हणजे पावणेतीन ते साडेपाच टनांच्या मधला रोध. ओढणारी जीप १७०० किलोची. ओल्या मातीवर टायरची पकड वजनाच्या तीस-चाळीस टक्के धरली, तर ती जेमतेम पाच ते सातशे किलोने ओढणार. इंजिन कितीही तगडं असलं तरी जमिनीला चाक धरेल तेवढाच जोर.

झटका देण्यामागचा विचार म्हणूनच चुकीचा नाही. वेगातली ऊर्जा वापरून कमतरता भरून काढायची असते. प्रश्न आहे ती ऊर्जा किती अंतरात जिरते. १७०० किलोची जीप सेकंदाला चार मीटरने जात असेल तर तिच्यात १३,६०० ज्यूल. पिकअप हलली नाही असं धरू. दोर दीड मीटर ताणला जाऊन जीप थांबली असती तर सर्वांत जास्त ताण पावणेदोन-दोन टनांचा आला असता. पण दोर दुहेरी केला होता. लांबी निम्मी झाली, जाडी दुप्पट झाली, म्हणजे ताठरपणा चौपट. ताठरपणा चौपट झाला की थांबायचं अंतर निम्मं होतं, म्हणजे पाऊण मीटर, आणि ताण पावणेचार टनांजवळ. दोर वाढवून ‘मजबूत’ केला आणि त्याच कारणाने ओढ दुप्पट झाली.

आता ती गोळ्याची पट्टी. दोन बोल्टांवर बसवलेली, १० मिलिमीटरचे, डोक्यावर ४.८ चा शिक्का. बाजारात हेच स्वस्तात मिळतात. ४.८ म्हणजे ताण सोसायची ताकद दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४०० न्यूटन. आडवं कापलं जाताना त्याच्या साठ टक्के धरायची. हिशेब केला तर एक बोल्ट दीड टनाच्या आत तुटतो, दोन मिळून तीन टनांच्या आत. तिथं येणार होते पावणेचारच्या आसपास. दोराची ताकद त्याच्या कितीतरी पट होती. तो तुटणारच नव्हता. रबर ताणून एक टोक सोडावं तसा तो आखडला, आणि टोकाला जे लोखंड होतं ते घेऊन गेला.

इथं एक कबुली द्यायला हवी. ती पट्टी माझ्या शेडमधली नव्हती, पण तशाच पट्ट्या मी पूर्वी डझनांनी बसवल्यात. ट्रेलर जोडायला त्या ठीकच असतात, कारण ट्रेलर चाकांवर मागं मागं येतो, झटका देत नाही. गिऱ्हाईक मात्र ‘मागं हुक हाय’ म्हणून लक्षात ठेवतं आणि पावसाळ्यात त्यालाच दोर बांधतं. गोळ्याचा दांडा मोडून माणसं मेल्याच्या घटना जगभर घडल्यात. तेव्हापासून गोळा बसवताना मी शेजारी लाल रंगाने ‘ओढू नये’ लिहून देतो. लोक हसतात.

काढली कशी

सात वाजता पोचलो. अंधार, पाऊस, बॅटऱ्या. पहिलं काम सगळ्यांना मागं घालवणं. दोराची जेवढी लांबी, तिच्या दीडपट लांब, आणि दोराच्या रेषेत तर कुणीच नाही. दुसरं काम भाच्याशी भांडण.

“पोती उतरा.”

“मामा, सिमेंट भिजतंय की ओ! ठेवायचं कुठं?”

सगळी घाई त्या वीस पोत्यांपायी झाली होती, हे तेव्हा कळलं. तासभर चार माणसं तिथं उभी होती, पण एक टन कमी करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. सुचलं असेल, खरं कुणी बोललं नसेल. वाडीवरून ट्रॅक्टर बोलावला होताच. त्याची ट्रॉली वरच्या कडक जागेत लावून, ताडपत्री टाकून पोती तिच्यात गेली. वीस मिनिटं लागली. चिखलाचा रोध त्याच क्षणी एक-दोन टनांनी उतरला.

मग फावडी. चाकांच्या मागं उतार करत चर काढले आणि डिफरन्शियलखालची माती हाताने ओढून काढली. हे काम कुणाला आवडत नाही आणि याचा व्हिडिओही कुणी काढत नाही. गाडी पोटावर बसलेली असताना ओढणं म्हणजे नांगर ओढणं. पोट मोकळं झालं की गाडी परत चाकांवरची गाडी होते. टायरची हवा १८ पीएसआयवर आणली, टायर पसरले. चराच्या तळाला भाताचं पिंजर आणि माझ्याकडच्या दोन खाचांच्या फळ्या.

ओढायचं मागं. ट्रॅक्टरवाले काका दोर वरच्या लिंकच्या जागी बांधायला निघाले, त्यांना थांबवलं. ट्रॅक्टरचं ओढ घ्यायचं ठिकाण खालचा ड्रॉबार, मागच्या आसापेक्षा खाली. वर बांधलं आणि गाडी अडकून राहिली की ट्रॅक्टर पुढची चाकं उचलतो आणि उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. उसाच्या हंगामात आपल्याकडे हे नवीन नाही. पिकअपच्या मागं ओढायला नीट बिंदू नव्हताच, म्हणून चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांना मिळून एक रुंद पट्टा घातला, कडांना गोणपाट दिलं. मधली ओढपट्टी पॉलिएस्टरची, न ताणणारी, नऊ मीटर. तिच्यावर ओल्या मातीने भरलेलं पोतं टाकलं, म्हणजे काही सुटलंच तर पट्टी खाली आपटेल, उडणार नाही. पिकअपच्या केबिनमध्ये भाचा एकटा, रिव्हर्स टाकून.

काकांचं शिक्षण बैलहोंगलकडचं, रागावले किंवा घाबरले की कन्नड येतं. सगळ्यात खालचा गिअर टाकून ते स्वतःशीच म्हणत होते, “निधानऽ, निधानऽ...” म्हणजे सावकाश. पट्टी ताठ झाली, एक क्षण काहीच झालं नाही, मग चिखलाने ‘प्सुक्’ करून चाक सोडलं. कुठं झटका नाही, कुठं आवाज नाही. सव्वाआठला गाडी कडक जमिनीवर.

मग काय घेतलं

भाचा आणि त्याचे मित्र दुसऱ्या आठवड्यात यादी घेऊन आले. सगळ्यात वर विंच, म्हणजे गाडीच्या पुढं बसवायचं, वायर गुंडाळत ओढणारं मोटारचं यंत्र. सगळ्यांचं तसंच असतं. मी यादी उलटी केली.

आधी बिंदू. गाडीला ओढण्यासाठी बनवलेली जागा नसेल तर बाकी काहीही घेणं म्हणजे पैसे घालून धोका विकत घेणं. ट्रकवर बांधायची कडी आणि बंपरमध्ये पेचाने बसवायचा हुक हे दोन्ही चिखलातून उपसायला नसतात. पेचाचा हुक बंद पडलेली गाडी रस्त्यावरून सरळ ओढायला ठीक. नव्या बिंदूसाठी मी जाड पट्टी घेतो, चेसिसच्या आडव्या बाजूला लागून, ८.८ चे बोल्ट. १२ मिलिमीटरचा असा एक बोल्ट सरळ ताणात साडेसहा टनांच्या पुढं जातो, आणि असे चार टाकतो. पेटी चेसिस असेल तर बोल्ट आवळताना ती दबू नये म्हणून आत पाइपचा तुकडा. हे न करणारे बरेच आहेत. बोल्ट आवळल्यासारखा वाटतो, चेसिस आत जाते आणि सहा महिन्यांत सगळं ढिलं.

पुढचा मोठा लोखंडी बंपर मात्र मी आता बनवत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा बंपरवर, म्हणजे बुलबारवर, कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं, आणि एअरबॅगच्या सेन्सरपुढं असं लोखंड लावणं मला पटतही नाही.

दुसरं फावडं, हवा मोजायचं मीटर आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. पोरांनी तोंडं वाकडी केली. मी त्यांना आषाढातल्या त्या रात्रीचे आकडे परत सांगितले. दोन-अडीच टनांचं काम पोती उतरवून आणि माती उकरून झालं होतं, पट्टीने फक्त शेवटचं केलं.

मग दोर. इथं बाजारात सगळ्यात जास्त गोंधळ. दोन जाती वेगळ्या ओळखायला हव्यात. नायलॉनची ओढपट्टी वीस टक्क्यांपर्यंत ताणली जाते, विणलेला कायनेटिक दोर तीस टक्क्यांपर्यंत. पॉलिएस्टरची पट्टी जवळजवळ ताणत नाही. झटक्यासाठी पहिल्या दोन, सावकाश ओढायला तिसरी. पॉलिएस्टरला झटका दिला की साखळीला दिल्यासारखाच. दुकानात तिन्ही सारख्याच रंगांत लटकत असतात आणि सांगतात एकच, ‘आठ टन.’

आठ टन हा आकडा ऐकायला बरा. पण ताणणारी पट्टी जितकी जास्त टनांची, तितकी हलक्या गाडीला ती ताणता येत नाही. ऑस्ट्रेलियात या पट्ट्यांसाठी ग्राहकसुरक्षेचा सक्तीचा नियम आहे. तिथं पट्टीवर सांगावं लागतं की तिची किमान तुटण्याची ताकद दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या भारासह वजनाच्या दोन ते तीन पट असावी. मारुतीच्या छोट्या जिम्नीचं भारासह वजन १५४५ किलो. तिला तीन ते साडेचार टनांच्या आसपासची पट्टी पुरे. आठ टनांची घेतली तर पैसेही जास्त आणि झटकाही जास्त. भाच्याच्या मित्राच्या जीपचं भारासह वजन सव्वादोन टनांच्या आत, म्हणून साडेचार ते साडेसहाच्या मधला दोर घेतला. दुकानदाराने ‘साहेब, मोठा घ्या, कायमचा’ म्हणून बराच आग्रह केला.

कायमचं काही नसतं हेही सांगतो. नायलॉन भिजलं की दहा-पंधरा टक्के ताकद जाते. गाठ मारली तर निम्म्याच्या आसपास. शेडीचे बारीक कण धाग्यांत शिरले की आतून कापत बसतात, म्हणून धुऊन सावलीत वाळवायचं. आणि आमच्याकडे उंदीर. एक चांगली पट्टी मी अशीच गमावलीय. दोन पट्ट्या जोडायच्या झाल्या तर मधे शेकल (आडवी पिन घालून बंद करायची लोखंडी कडी) घालू नये, तुटलं की तो गोळी होतो. एकीचा फास दुसरीच्या फासातून काढायचा आणि गच्च बसू नये म्हणून मधे गुंडाळलेला तरुण भारतचा अंक ठेवायचा. काम झालं की कागद ओढून काढला की फास सुटतो.

शेकलचं सोपं आहे. अंगावर ‘डब्ल्यूएलएल ४.७५ टन’ असं उठावात लिहिलेलं असेल तर घ्या, नसेल तर भंगारातला असो की नवा चकचकीत, घेऊ नका. हा आकडा रोजच्या कामाचा असतो, तुटण्याचा त्याच्या कितीतरी पट वर. दोरावरचा आकडा मात्र बहुतेक वेळा तुटण्याचा. हे दोन शेजारी ठेवून तुलना करणारे बघितले की हसू येतं. दोराचे मऊ शेकल हलके असतात, सुटले तरी कमी इजा करतात, मला ते आवडतात. पण गॅसने कापलेल्या भोकाच्या धारदार कडेला ते सुतळीसारखे कापले जातात. भोकाच्या कडा गोल करून घ्या मगच.

विंच नाही घेतली. वजन पुढच्या आसावर, बॅटरीवर भार, आणि या जंगलात झाडाला रुंद पट्टा न लावता वायर गुंडाळणारे मी पाहिलेत, सालीला कायमची जखम होते. भीमगडच्या अभयारण्यात तर गाडी घालायचीच नाही, तो प्रश्नच वेगळा. कमी वापराची, महागडी वस्तू, आणि हाताशी ट्रॅक्टर असताना तिची गरज पोरांना दाखवून देता आली नाही.

आता एक बाकी राहिलंय. पिकअपच्या मागं दोन बिंदू बसले, जीपच्या मागं एक. पिकअपच्या पुढं बसवायला गेलो तर डावीकडच्या चेसिसचं टोक आतून गंजलेलं निघालं, पट्टीला धरायला लोखंडच नाही. ते टोक कापून नवं जोडायचं काम दिवाळीनंतर करायचं ठरलंय. तोवर ती गाडी फक्त मागून ओढायची. भाच्याने डॅशबोर्डवर तसा कागद चिकटवलाय, आणि पुढच्या बारीक कडीला मी लाल रंग दिलाय.